विद्यादान, व्यवसाय आणि परवाना : बंगळुरातील लहान शिक्षणसंस्थांच्या कायदेशीर स्थितीचा आढावा

बंगळुरात जयनगर, राजाजीनगर किंवा मल्लेश्वरम यांसारख्या जुन्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एखाद्या मराठी पदवीधराने दहावी-बारावीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग काढावयाचे मनात आणले, तर त्याने कोणत्या कचेरीत जाऊन कोणती दरखास्त द्यावी, या साध्या प्रश्नाला एका ठिकाणी उत्तर देणारा कायदा आपल्याकडे नाही. शिक्षण खात्याच्या लेखी तो नोंदणीस पात्र किंवा अपात्र असा शिकवणीचालक असतो. महानगरपालिकेच्या लेखी एका जागेचा भोगवटादार. करखात्याच्या लेखी सेवेचा पुरवठादार. श्रमखात्याच्या लेखी नोकर ठेवणारा धनी. आणि ग्राहक आयोगासमोर उभे राहण्याची पाळी आलीच, तर तेथे तो विक्रेता ठरतो. शिक्षक म्हणून त्याची ओळख मात्र यांपैकी फारच थोड्यांना आहे. या विस्कळीतपणाचे खापर सरकारी अनास्थेवर फोडण्याची आपल्याला सवय असली, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे मूळ अधिक खोल आहे. शाळा हे धर्मकार्य आणि शिकवणी हा व्यापार अशी जी विभागणी आपल्या न्यायालयांनी व विधिमंडळांनी गेल्या तीन-चार दशकांत हळूहळू पक्की केली, तिच्यातून ही सारी गुंतागुंत जन्मास आली आहे, आणि ती विभागणी ध्यानात न घेता जो नुसती कागदपत्रांची यादी घेऊन निघेल, त्याला प्रत्येक कचेरीत नवे कोडे भेटेल.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडून टिळक आणि नामजोशी यांच्यासह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा सरकारशी संबंध यावयाचा तो मुख्यतः अनुदानापुरता. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खाजगी शाळांना तपासणीच्या अटीवर मदत देण्याचे धोरण आखले होते आणि १८८२ च्या हंटर आयोगाने त्यालाच दुजोरा दिला. मदत नको असेल त्याच्या वाटेला सरकार सहसा जात नसे. आज स्थिती अगदी उलटी झाली आहे. सरकारकडून एक पैही न मागणाऱ्या माणसालाच सर्वांत अधिक दाखले गोळा करावे लागतात. यात केवळ अन्याय आहे असे समजण्याचे कारण नाही. मधल्या काळात आगी लागल्या, मुले दगावली, शुल्के बुडाली, आणि त्या प्रत्येक दुर्घटनेमागून एकेक नियम आला.

धर्मादाय की धंदा हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ज्या खटल्यांनी गाजवला, त्यांतील बरेचसे कर्नाटकातून गेले, ही गोष्ट बंगळुरात संस्था काढू पाहणाऱ्याने विसरू नये. देणगीशुल्कास बंदी घालणारा अधिनियम कर्नाटकाने १९८४ साली केला. त्याखालील अधिसूचनेने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागांसाठी वार्षिक २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० असे दर ठरविले. मीरतहून तुमकूरच्या महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या मोहिनी जैन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने शिक्षणाचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षण हा व्यापार नव्हे आणि होऊही शकत नाही, असे सांगण्यात आले. मग मणिपालच्या टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या याचिकेवर ११ न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि ३१ ऑक्टोबर २००२ रोजी त्याने मध्यममार्ग काढला: शिक्षणसंस्था चालविणे हा संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संरक्षिलेला व्यवसाय होय, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राखण्यास प्रत्यवाय नाही, परंतु नफेखोरी आणि देणगीशुल्क निषिद्ध. पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या २००५ मधील खटल्यात सात न्यायमूर्तींनी हीच भूमिका अधिक रेखीव केली. व्यवसाय खरा, पण नफ्याचा नव्हे. ही सूक्ष्म रेषा मोठ्या संस्थांनी विश्वस्त निधी, सोसायट्या आणि त्यांना जागा व सेवा पुरविणाऱ्या संलग्न कंपन्या यांच्या साह्याने कशी ओलांडली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. लहान माणसापाशी असली कुशलता नसते, आणि वकील नेमण्याइतका पैसाही नसतो.

याचा पहिला परिणाम असा की ज्याला शाळा काढावयाची आहे, त्याने तो लहान धंदा आहे ही कल्पना आरंभीच सोडून द्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अठराव्या कलमानुसार मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि ती पुढे चालू ठेवल्यास दररोज दहा हजारांपर्यंत भर पडते. मध्यवर्ती माध्यमिक मंडळाशी संलग्नता हवी असल्यास संस्था सोसायटी, विश्वस्त निधी किंवा कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील ना-नफा कंपनी यांपैकी एका रूपात असावी लागते. एकट्याच्या मालकीला तेथे प्रवेश नाही. त्यातच २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमाने पहिली ते दहावीपर्यंत कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकविणे आवश्यक केले. मातृभाषेतूनच शिकविण्याची सक्ती मात्र खाजगी विनाअनुदानित शाळांवर करता येत नाही, असा निकाल कर्नाटकाच्याच प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी दिला होता. बेळगाव-निपाणीकडील वाचकांना या दोन गोष्टींतील तफावत समजावून सांगण्याची गरज नाही.

शिकवणीच्या वर्गाचे प्रकरण निराळे. कर्नाटक शिक्षण अधिनियम १९८३ साली रचला गेला. राष्ट्रपतींची संमती आणि प्रसिद्धी यांत इतका काळ लोटला की सरकारी दप्तरात तो १९९५ चा अधिनियम क्रमांक १ म्हणून नोंदला गेला आणि त्याच वर्षापासून अमलात आला. या अधिनियमाने 'ट्युटोरियल' संस्थेची स्वतंत्र व्याख्या केली असून परीक्षेच्या तयारीसाठी वीस किंवा अधिक विद्यार्थ्यांना पद्धतशीर शिकविणाऱ्या, मान्यता नसलेल्या संस्थेला नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. तिच्या तपशिलासाठी २००१ चे कर्नाटक शिकवणी संस्था नोंदणी व नियमन नियम आहेत. म्हणजे घराच्या पडवीत बारा मुलांना शिकविणारी गृहिणी या कायद्याला सहसा दिसत नाही; पण मुले विसाच्या घरात गेली की शिक्षण खात्याच्या जिल्हा उपनिर्देशकांच्या कचेरीची पायरी चढणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. शहरात पाट्या किती आणि त्यांपैकी नोंदलेले वर्ग किती, याचा हिशेब कोणी मांडल्यास तो खात्याला फारसा भूषणावह ठरणार नाही असा माझा अंदाज आहे. परंतु शेजाऱ्याने नोंदणी केलेली नाही ही सबब तक्रार झाल्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

इतर राज्यांकडे पाहिले तर गोव्याने २००१ मध्ये शिकवणीवर्गांच्या नियमनाचा स्वतंत्र अधिनियम केला, उत्तर प्रदेशाने २००२ मध्ये, बिहारने २०१० मध्ये. महाराष्ट्रात, जेथे लातूरच्या नावाने एक शिकवणीचा संप्रदायच उभा राहिला, तेथे मसुदे तयार झाले, समित्या बसल्या, आणि या राज्यांच्या तोडीचा कायदा मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. त्यामुळे पुण्याहून बंगळुरास आलेला शिकवणीचालक ज्या मोकळिकीची सवय घेऊन येतो, ती त्याला येथे मिळत नाही.

केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांच्या नियमनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती राज्यांनी आपापले कायदे करावेत किंवा सुधारावेत अशा अपेक्षेने काढलेली आहेत. त्यांत पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गालाच केंद्र म्हटले असून, १६ वर्षांखालील किंवा माध्यमिक परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश देऊ नये, शिक्षक किमान पदवीधर असावा, वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी, शाळेच्या वेळात वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये आणि आठवड्याची सुटी पाळावी असे सांगितले आहे. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपये, दुसऱ्यास एक लाख, आणि त्यानंतर नोंदणी रद्द, असा दंडक्रम सुचविलेला आहे. आता पाहा: राज्याच्या कायद्यात वीस, केंद्राच्या तत्त्वांत पन्नास, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, तीस-चाळीस मुलांचा वर्ग चालविणारा माणूस, म्हणजे या धंद्यातला अगदी नमुनेदार लहान उद्योजक. सोळा वर्षांची अट अक्षरशः लावली तर आठवी-नववीच्या गणिताचे वर्ग मोठ्या केंद्रांना बंद आणि छोट्यांना खुले अशी विचित्र अवस्था येते. ही अट राजस्थानातील कोटा शहराच्या निवासी वर्गांची छाया मनात ठेवून लिहिली गेली आहे, आणि कोट्यासाठी कापलेला अंगरखा बसवनगुडीच्या शिकवणीला चढविला की तो कोठे ढिला आणि कोठे तंग होणारच. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणच्या शिकवणीतील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी जे निर्देश दिले, ते मात्र कायदा होईपर्यंत बंधनकारक आहेत: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी दुवा राखला पाहिजे, आणि राज्यांनी खाजगी शिकवणीच्या नोंदणीचे नियम शक्यतो दोन महिन्यांत काढावेत.

परंतु खरा पेच जागेचा आहे, आणि अनुभवी माणसे अभ्यासक्रमाच्या आधी जागेची चौकशी करतात ती उगाच नव्हे. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या सरथाणा भागातील तक्षशिला नावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावरील वर्गाला आग लागून २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या राजिंदरनगरात तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तिघे बुडाले. पहिल्या घटनेत गच्चीवरील तकलादू बांधकाम आणि एकच जिना, दुसरीत भलत्याच उपयोगासाठी मंजूर असलेले तळघर. शिकविण्याशी या दोहोंचा काडीमात्र संबंध नव्हता. कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली ९४ बालके जळाल्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित वास्तूत शिकणे हा शिक्षणहक्काचाच भाग मानला आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतील अग्निसुरक्षेचे निकष शाळांना लावले. ते शिकवणीलाही लावावेत, यासाठी त्यानंतरच्या या दोन दुर्घटना पुरेशा आहेत.

म्हणून बंगळुरात भाडेचिठ्ठीवर सही करण्यापूर्वी घरमालकाकडे तीन गोष्टी मागाव्यात. एक, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला. या शहरात तो नसलेल्या इमारती विपुल आहेत आणि पालिकेच्या दप्तरात अनियमित म्हणून नोंदलेल्या 'बी' खात्याच्या मालमत्तांचे भिजत घोंगडे तर सर्वश्रुत आहे. दुसरी, बृहत् आराखड्यानुसार त्या भूखंडाचा उपयोग निवासी की व्यापारी, आणि समोरच्या रस्त्याची रुंदी किती, याची खातरजमा. कारण निवासी भागातील अरुंद गल्ल्यांत व्यापारी व्यवहारास मज्जाव आहे आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून उच्च न्यायालयाने या बाबतीत वारंवार कान उपटले आहेत. तिसरी, एकाहून अधिक जिने आणि अग्निशामक साधनांची सोय. तळघर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्याची मंजुरी बहुधा वाहनांसाठी असते. निवासी घरात वर्ग सुरू झाला की मालमत्ता कर बिगरनिवासी दराने आकारला जाण्याचा संभव असतो, आणि तो मालकाने सोसावा की भाडेकरूने, याची तरतूद चिठ्ठीत आधीच घातलेली बरी.

व्यवसाय परवान्यासाठी कोणाकडे जावयाचे हा प्रश्न सध्या अधिकच अवघड झाला आहे. बृहत् बंगळूर महानगरपालिकेची जागा १५ मे २०२५ पासून ग्रेटर बंगळूर प्राधिकरणाने घेतली आणि सप्टेंबरमध्ये शहराच्या मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच महानगरपालिका झाल्या. जुन्या पालिकेच्या नावाने छापलेली पावती हाती घेऊन कोणती खिडकी गाठावी, हे विचारूनच जाणे इष्ट. श्रमखात्याकडे १९६१ च्या कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियमाखाली वर्ग सुरू झाल्यापासून तीस दिवसांत नोंद करावयाची असते. येथे पुन्हा तो जुना भेद डोके वर काढतो: २००१ मधील रूथ सोरेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या अशाच कायद्यापुरते शिक्षणसंस्थेला आस्थापना मानण्यास नकार दिला होता. शाळा म्हणून मिळणाऱ्या या सवलतीवर शिकवणीचालकाने भिस्त ठेवू नये.

पाटीविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण मराठी मंडळी नेमकी तेथेच अडखळतात. कन्नड भाषा सर्वंकष विकास अधिनियमात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्यापारी व शैक्षणिक संस्थांच्या नामफलकावर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात असणे सक्तीचे झाले. त्याआधी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस इंग्रजी पाट्यांवरून शहरात मोठी धामधूम उडाली होती. शहाजीराजांना ज्या शहराची जहागीर होती, तेथे आपण पाहुणे नसून जुने रहिवासी आहोत असे मानणाऱ्यांनी तर ही अट आपणहून पाळावी. कन्नडमध्ये दोन ओळी लिहिता येत नसतील, तर कचेरीत कारकुनाशी बोलणेही जड जाईल.

संस्थेच्या स्वरूपाबाबत फार ऊहापोह करण्याचे कारण नाही. एकट्याची मालकी सर्वांत स्वस्त, पण देणे झाले तर घरादारापर्यंत पोचते. दोघे-तिघे असतील तर १९३२ च्या अधिनियमाखालील भागीदारी किंवा २००८ च्या अधिनियमाखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी. पुढे भांडवल उभारावयाचे असेल तर कंपनी. नावात 'विद्यापीठ' किंवा 'युनिव्हर्सिटी' हा शब्द घालू नये आणि पदवी देण्याची भाषा करू नये, कारण १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाची २२ व २३ ही कलमे याच गोष्टींना आडवी येतात. अभ्यासक्रम पुरा केल्याचे प्रमाणपत्र देण्यास मात्र हरकत नाही. सूक्ष्म उद्योगांची उद्यम नोंदणी निःशुल्क आहे आणि तिचा एक प्रत्यक्ष लाभ असा की नावाचे व्यापारचिन्ह नोंदविताना ९,००० ऐवजी ४,५०० रुपये शुल्क पडते.

शाळा आणि शिकवणी यांतील दरी पैशांत मोजावयाची असेल, तर करखात्याची पुस्तके उघडावीत. पूर्वप्राथमिकपासून उच्च माध्यमिकपर्यंतची मान्य शाळा वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. तेच गणित, त्याच मुलाला, संध्याकाळी शिकविणारा वर्ग १८ टक्क्यांच्या दरात येतो. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची गरज नाही. आता हिशेब करून पाहावा: दरमहा ३,००० रुपये शुल्काचे ५५ विद्यार्थी असले तर वर्षाची बेरीज १९ लाख ८० हजार होते आणि वर्ग मोकळा राहतो, आणखी पाच मुले आली की ती २१ लाख ६० हजार होऊन नोंदणी अनिवार्य ठरते, आणि त्यानंतर पालकाला ३,००० च्या जागी ३,५४० मोजावे लागतात, किंवा चालकाला तो भार स्वतः गिळावा लागतो. शेजारच्या गल्लीत पन्नास मुलांचाच वर्ग चालविणारा त्याच शुल्कात शिकवीत असताना हे ५४० रुपये कोठून वसूल करावयाचे? पन्नास लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी सहा टक्क्यांची ठोक योजना आहे, परंतु तीत कर पालकाकडून वेगळा घेता येत नाही, खर्चावरील कराची वजावट मिळत नाही, आणि परराज्यातील विद्यार्थ्यांना दूरस्थ वर्ग देणाऱ्यास ती मुळीच खुली नाही. ज्या शहरात अनेक वर्ग पडद्यावरून चालतात, तेथे ही शेवटची अट योजनेचा जीवच काढून घेते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या मुलांना बंगळुरातून मराठी किंवा गणित शिकविणाऱ्यांचे तेवढे बरे आहे. शुल्क परकीय चलनात येत असेल तर ती सेवेची निर्यात ठरते आणि निर्यातीवर शून्य दर लागतो.

याच कायद्यातील एक बारकावा गायन-नृत्य शिकविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. कला व संस्कृतीशी संबंधित छंदवर्ग एखादी व्यक्ती स्वतः चालवीत असेल, तर तिला जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतरही करमाफी आहे. तोच वर्ग कंपनीच्या नावावर गेला की माफी संपते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसविणारी घरगुती संगीतशिक्षिका म्हणूनच नफ्यात राहते, आणि तिला 'अकादमी' स्थापण्याचा आग्रह करणारे हितचिंतक बहुधा करसल्लागार नसतात. व्यवसायकर ही किरकोळ बाब असली तरी विसरली जाते: १९७६ च्या कर्नाटक अधिनियमानुसार चालकाने स्वतःसाठी वार्षिक २,५०० रुपये भरावयाचे, आणि दरमहा २५,००० किंवा अधिक पगार घेणाऱ्या नोकरांच्या पगारातून कर कापून भरण्यासाठी वेगळी नोंद करावयाची.

नोकर म्हणून शिक्षकाचे स्थान काय, हा प्रश्न आपल्या न्यायशास्त्रात मोठ्या गमतीने हाताळला गेला आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षकाचे कार्य इतके उदात्त आहे की औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने तो कामगार होऊ शकत नाही. शाळेतील कारकून व शिपाई यांना ज्या न्यायाधिकरणाकडे जाता येते, तेथे त्याला मज्जाव. उदात्ततेची एवढी महाग किंमत दुसऱ्या कोणा व्यवसायाने मोजली असेल असे वाटत नाही. उपदानाच्या बाबतीत मात्र संसदेने २००९ मध्ये ही चूक दुरुस्त करून १९९७ पासून शिक्षकांना हक्क दिला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या असल्या, तरी लहान चालकाला लक्षात ठेवावयाचे आकडे तेच आहेत: दहा नोकर झाले की राज्य विमा, उपदान आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी. दुसरीकडे, शाळेत नोकरीस असलेल्या शिक्षकाला संध्याकाळच्या वर्गासाठी बोलावणे हा या धंद्यातला सर्रास प्रघात शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाच्या विरुद्ध आहे, आणि त्यात अडकतो तो शिक्षक, वर्गचालक नव्हे. म्हणूनच तो प्रघात टिकून आहे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र सवलतीला जागा नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात शिक्षणसंस्थेच्या कर्मचाऱ्याकडून घडलेला गुन्हा अधिक गंभीर मानलेला आहे, आणि हाताखालच्या माणसाविषयी माहिती मिळूनही ती पोलिसांना न देणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तीन मुलांचा वर्ग असो की तीनशेंचा, येथे संख्येची अट नाही. शिक्षक नेमताना त्याची पोलीस पडताळणी करून घेण्यास जो खर्च येतो, त्याहून वर्गाच्या रंगीत पत्रकांवर अधिक पैसा उधळला जातो.

पत्रकांचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणीच्या जाहिरातींसाठी तत्त्वे घालून दिली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र निवड झाल्यानंतर मिळविलेल्या त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. त्याने नेमका कोणता आणि किती मुदतीचा अभ्यासक्रम घेतला होता, हे स्पष्ट सांगावे लागते. यशाची हमी देता येत नाही. फसव्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. २०२० मधील मनू सोळंकी प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने विद्यापीठे-महाविद्यालयांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले, शिकवणीवर्गांना ते संरक्षण दिले नाही. तोच भेद, तिसऱ्यांदा. टिपणांबाबतही तसाच मोह टाळावा: दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली अध्यापनासाठी उतारे काढून घेण्यास मिळालेली मोकळीक विद्यापीठाच्या संदर्भात होती, प्रकाशित गाइडांची पाने छापून शुल्कात त्यांचे पैसे लावणाऱ्याला तिचा आधार कितपत मिळेल, याविषयी मला दाट शंका आहे. पडद्यावरून शिकविणाऱ्यांना लवकरच आणखी एक बंधन पाळावे लागेल. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू होतील. त्यानंतर १८ वर्षांखालील प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती साठविण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल आणि मुलांना उद्देशून जाहिराती सोडता येणार नाहीत.

वर्ग काढण्याचे नियम सारे विचारतात. तो बंद करण्याचे कोणी विचारीत नाही. याच शहरात वाढलेल्या बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीविरुद्ध भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सुमारे १५९ कोटींच्या येण्यासाठी केलेला दिवाळखोरीचा अर्ज येथील कंपनी न्यायाधिकरणाने १६ जुलै २०२४ रोजी दाखल करून घेतला. ऑगस्टमध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचाच निर्णय रद्द केला. अशा प्रसंगी वर्षभराचे शुल्क आगाऊ भरून बसलेल्या पालकाची पाळी बँका आणि मोठे धनको यांच्या बरीच मागून येते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे असे म्हटले आहे. पण तो पैसा भाड्यात आणि पत्रकांत आधीच गेलेला असेल, तर परतीचा आदेश कागदावरच राहतो. एकट्याच्या मालकीच्या वर्गात तर कंपनीची ढाल नसते आणि परतीची जबाबदारी थेट चालकाच्या खाजगी मिळकतीवर येते. यासाठी शुल्क तिमाहीहून अधिक काळाचे आगाऊ घेऊ नये आणि घेतलेले वेगळ्या खात्यात ठेवून महिन्यागणिक उचलावे. वर्ग मिटला म्हणजे श्रमखात्याला आणि पालिकेला लेखी कळवावे, घरमालकाकडून अनामत घेताना जागा रिकामी केल्याची पोच घ्यावी, आणि कराची नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अखेरचे विवरणपत्र भरावे. ते राहिले तर विलंबशुल्क आणि नोटिसा बंद पडलेल्या वर्गाच्या पत्त्यावर येत राहतात, आणि तेथे तोवर बहुधा दुसऱ्या कोणाचा वर्ग लागलेला असतो.